नळीतला रवा

नळीत रवा दिसला तेव्हा नागोजी मास्तरांना आधी वाटलं, हाही आपल्या डोळ्याचाच खेळ. उजवा डोळा बरेच दिवस धुक्यातच होता. पापणी सुजून खाली आलेली, बोटानं उचलली तर समोरच्या एका माणसाची दोन माणसं व्हायची, आणि त्या दोघांच्याही कडा पाण्यात भिजलेल्या कागदासारख्या. म्हणून त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि शाबूत असलेल्या डाव्यानं पुन्हा पाहिलं. वरच्या बाटलीतून निघताना औषध चांगलं होतं, हळद घातलेल्या दुधासारखं, एकसारखं पिवळं. पण मनगटाजवळ दोन नळ्या जिथं एकत्र येत होत्या त्या छोट्या तोटीच्या खाली ते फाटलं होतं. पिवळट बारीक कण, मध्ये निवळ पाणी, पुन्हा कण. काही विचार मनात यायच्या आत एक लहानपणचा शब्द वर आला, खळ फुटली, आणि त्यांच्या दुसऱ्या हातानं ती नळी चिमटीत दाबून धरली. सूत तुटलं की विणकराचा हात माग थांबवतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही. मास्तरांनी जन्मभर खडूच धरला होता, पण हात बापाचा होता. खिडकीपाशी ताराबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, टॉवेलाची घडी घालत. एखादं काम मनासारखं उरकल्यावर बायका उभ्या राहतात तशा. मास्तर म्हणाले, "तारा, सौम्याला बोलव. पळत जा."

सौम्या ही त्या वॉर्डातली तरुण नर्स, गोकाककडची. मराठी बोलताना मधेच कन्नडात जाऊन परत यायची. ती "अज्जा, एनातु? काय झालं?" म्हणत आली, नळीकडं पाहिलं, आणि पुढं काही न बोलता तिनं सगळं बंद केलं, नळी काढली, सुईसुद्धा काढली. मग वॉर्डातले डॉक्टर आले, रक्तदाब पाहिला, छाती तपासली, थंडी वाजते का, पाठ दुखते का, विचारलं. काही होत नव्हतं. फारसं आत गेलं नव्हतं. दुसऱ्या हातात नवी सुई बसली. या गडबडीत सौम्या एकटीच पुटपुटत होती की ही आधी चढवलेली सलाईनची, मिठाच्या पाण्याची बाटली आपणच खाली काढून ठेवायला हवी होती. तेव्हा ताराबाई पुढं झाल्या आणि अजूनही थोड्या अभिमानानंच म्हणाल्या, "तुझी कसली चूक? तोटी मी फिरवली. यास्नी शुगर हाय. त्या बाटलीवर डेक्स्ट्रोज लिवलंय, मी वाचलंय. म्हटलं, सलाईन अजून लटकतंयच, ते बी सोडावं बारीक, म्हंजे साखर जरा पातळ हुईल."

डॉक्टरांनी फक्त वर पाहिलं, त्या पिवळ्या बाटलीकडं, जी बिघडलेल्या नळीला जोडलेली म्हणून आता टाकूनच द्यायची होती. ताराबाईंनी त्या नजरेचा माग काढला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान असा उतरला की मास्तरांना तो धुक्यातल्या डोळ्यानंही दिसला असता.

कारण ती बाटली म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. नाकाच्या मागच्या पोकळीत बुरशी वाढली होती. साखर वाढलेल्या अंगात ती फोफावते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाकातून दुर्बीण घालून जेवढी काढता आली तेवढी काढली, पण डोळ्याच्या खोबणीशी थोडी उरली होती, आणि तिथं चाकू नेण्यापेक्षा या औषधावर भिस्त होती. आडपडदा न ठेवता डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं होतं: औषध लागू पडलं तर डोळा राहील, नजरही येईल थोडी. नाही पडलं आणि बुरशी मागं मेंदूकडं सरकू लागली, तर जीव राखायला डोळा काढावा लागेल. सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर येऊन पाहणार होते. आणि आजचा डोस रव्यासारखा फुटून गेला होता. दुसरी कुपी इथल्या साठ्यात नव्हती, ती कोल्हापूरहून यायची होती.

ताराबाई खुर्चीवर बसल्या. चष्मा काढून त्यांनी पिशवीत ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले, जणू ते हात आता कुठं लागायला नकोत. मास्तर पाहत राहिले. आजवर या बाईचे हात असे रिकामे त्यांनी पाहिले नव्हते. शहापुरातल्या माहेरी त्या लहानपणी सुताच्या कांड्या भरायच्या, इथं वडगावात आल्यावर पॉवरलूमवर उभ्या राहिल्या, आणि गेले कित्येक दिवस या खुर्चीवर बसून सौम्या ती तोटी कशी फिरवते, कुठली बाजू बंद होते, कुठली उघडते, हे त्यांनी सुताचा धागा बघावा तसं बघून ठेवलं होतं. एवढ्या निगुतीनं चूक करणारं माणूस दुसरं नसेल. आणि ते वाचन. ते तर मास्तरांनीच दिलेलं. मास्तरांना साखरेचा आजार निघाला तेव्हा ताराबाईंना मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. त्या वेळी मास्तर निवृत्त झालेले, हाताशी वर्ग नाही, तेव्हा त्यांनी घरातच वर्ग भरवला. बिस्किटांचे पुडे, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, सरबताचे डबे, ही पुस्तकं. शुगर, ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून त्यांनी तो गिरवून घेतला. यातला कुठलाही शब्द दिसला की मला अडव, असं सांगितलं. ताराबाईंनी ते असं मनावर घेतलं की दुकानदार त्यांना बघून हसायचा. एकदा मारुती गल्लीतून आणलेला खव्याचा कुंदा मास्तरांनी पुस्तकांच्या मागं लपवला होता, तर खोक्यावर काही लिहिलेलं नसताना तोही बाईंनी काढला आणि म्हणाल्या, ह्येच्यावर लिवायची गरजच न्हाय. ही गोष्ट मास्तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. आपल्या उतारवयातली आपली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी, असं म्हणायचे.

आता त्यांना वाटलं, पोर चुकलीच नाही. जेवढं शिकवलं तेवढं तिनं बरोबर लिहिलं. कंग्राळीच्या शाळेत असताना त्यांनी तिसरीच्या वर्गाला सांगितलं होतं की जड वस्तू बुडते, हलकी तरंगते. दुसऱ्या दिवशी एक मुलगी उभी राहून म्हणाली, आमच्या तळ्यात पडलेला आंब्याचा ओंडका चार माणसांना उचलत नाही, मग तो का बुडत नाही? वर्ग हसला होता. मास्तर हसले नव्हते. त्यांनी फळा पुसला आणि म्हणाले, काल मी तुम्हाला अर्धंच सांगितलं, आज उरलेलं सांगतो. पुढं हे त्यांचं बोलणंच होऊन गेलं. मुलं त्याची नक्कल करायची. पण किती गोष्टींचं उरलेलं अर्धं सांगायचं राहून जातं. साखरेला अडव, हे शिकवलं. साखर कुठं हवीशी असेल, हे त्यांना स्वतःलाच कुठं माहीत होतं? सलाईनची बाटली लागते म्हणजे पाणी चढतं, एवढीच त्यांचीही समज. कुठलं पाणी, याचा त्यांनी आजवर विचार केला नव्हता.

तेवढ्यात अक्षरा आली. दवाखान्यातल्या औषधांचा हिशेब, कुठलं कशात मिसळायचं, किती वेळात सोडायचं, हे सगळं ही मुलगी बघायची. निपाणीची. कोल्हापूरच्या दुकानाशी बोलून तिनं कुपी मिळवली होती, ती बर्फाच्या डब्यात घालून दुपारच्या गाडीनं निघाली होती. हे सांगून ती जाऊ शकली असती. ती स्टूल ओढून ताराबाईंच्या समोर बसली, मास्तरांच्या नाही. मास्तरांनी ते टिपून ठेवलं. चुकलेल्या मुलाच्या शेजारी जाऊन बसायचं, उभं राहून वरून बोलायचं नाही, हे सगळ्यांना जमत नाही. ती म्हणाली की हे औषध तसं फार कडक. उघडं सोडलं तर बुरशीबरोबर मूत्रपिंडालाही खातं. म्हणून ते चरबीच्या अगदी बारीक थेंबांत गुंडाळून ठेवतात, एवढे बारीक की डोळ्यांना दिसू नयेत. ते थेंब पाण्यात एकमेकांपासून अंतर ठेवून तरंगतात, आणि गुंडाळलेलं औषध बुरशीपर्यंत घेऊन जातात. साखरेच्या पाण्यात ते अंतर टिकतं. मिठाचं पाणी लागलं की ते अंतर मोडतं, थेंब एकमेकांना चिकटतात, गठ्ठे होतात. मग ते औषध राहत नाही, जिथं पोचायचं तिथं पोचत नाही, आणि गठ्ठे अंगात गेले तर त्रास वेगळाच.

ताराबाई ऐकत होत्या, पण डोळे फरशीवर. मग हळूच म्हणाल्या, "पण मिठाचं पाणी तर तुमीच लावता की आधी."

मास्तरांना आतून बरं वाटलं. ओंडक्याचा प्रश्न होता तो. अक्षराही खूश झाली. ती म्हणाली, "अगदी बरोबर, आज्जी. ते मूत्रपिंडासाठी. आधी मिठाचं, मग नळी साखरेच्या पाण्यानं धुऊन घ्यायची, मग औषध. अंगात दोन्ही जातात, नळीत दोघांची गाठ पडू द्यायची नाही. आणि त्यातली साखर दोन-तीन चमचे, तेवढं इन्सुलिन आम्ही वाढवलेलं आहे. तुम्ही विचारलं असतं तर मी दाखवलं असतं. आम्हीही तुम्हाला सांगितलं नाही."

ताराबाईंनी मान हलवली, पण ते समजल्याचं हलवणं नव्हतं. मास्तरांनी वर्गात हे फार पाहिलं होतं. मूल मान हलवतं ते तुम्ही थांबावं म्हणून. तेव्हा ते उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "तारा, तू लग्न होऊन आलीस त्या साली खळ फुटली होती. आठवतंय?"

ताराबाईंनी वर पाहिलं. आठवणारच. वडगावात त्या वेळी ताणा गल्लीतच पसरायचा, पहाटेच्या गारव्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताची लांबच लांब पट्टी, आणि तिला खळ लावायची. मास्तरांची आई ती शिजवायची. पिठाची पेज, तीत खोबरेल आणि किसलेला साबण, घोटून घोटून असं एकजीव करायचं की तेल कुठं आहे हे कळू नये. तीच खळ सुताला धरते, नाहीतर सूत मागावर फिसकटतं. पाणी मात्र गल्लीच्या टोकाच्या विहिरीचं लागायचं. अंगणातल्या आडाचं पाणी मचूळ होतं, भांडी घासायला चालायचं. शहापुरातल्या माहेरी असा भेद नव्हता, सगळं पाणी चांगलंच. नव्या नवरीनं सासूला मदत म्हणून पहाटे उठून जवळच्या आडाचं पाणी ओतलं, आणि पातेल्यात साबण फाटला, तेल वर आलं, खाली रवा बसला. गल्लीतल्या बाया गोळा झाल्या, कुणी काही, कुणी काही. मास्तरांच्या आईनं कुणाला उत्तर दिलं नाही. सुनेचं मनगट धरून हात पातेल्यात घातला आणि म्हणाली, बघ, हाताला कसं लागतंय. मग दुसऱ्या पातेल्यात चांगल्या पाण्याची थोडी खळ केली आणि तोच हात त्यात घातला. बास. पुढं कधी तो विषय निघाला नाही. मास्तर तेव्हा नुकतेच शिक्षक झालेले. ट्रेनिंग कॉलेजात पाठ कसा घ्यावा हे लेखी शिकून आलेले, आणि दारात दात घासत उभे राहून त्यांनी तो पाठ पाहिला होता. एवढ्या वर्षांत त्या पाठासाठी आईला त्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. आता म्हणावंसं वाटत होतं, आणि आई नव्हती.

"तशीच ही खळ," मास्तर म्हणाले. "तेल पाण्यात धरून ठेवायचं, तर पाणी त्याच्या तऱ्हेचं लागतं. आणि शब्द बघून अडव, हे मीच सांगितलेलं. अर्धंच सांगितलं होतं."

ताराबाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मला दोनदा तेच शिकवाय लागलं की वो."

अक्षरा हसली, आणि ताराबाईही, डोळे पुसत. मग अक्षरानं खिशातून एक रिकामी कुपी काढली, टाकून द्यायची होती ती, तिच्या तळाला पिवळ्याचा थर होता. तिनं ती ताराबाईंच्या तळहातावर ठेवली आणि उजेडाकडं धरून कशी बघायची ते दाखवलं. मास्तर त्या दोन डोक्यांकडं पाहत होते, एक पांढरं, एक काळं, एका काचेवर वाकलेली, आणि त्यांना एकदम वाटलं, या मुलीला कुणीतरी शिकवलंय. त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आज्जी विड्या वळायची, आईही काही वर्षं. गल्लीत सगळीकडं बाया पानं कातरायच्या, तंबाखूच्या वासानं शिंका यायच्या. पण शेजारच्या गल्लीत एक बाई राहायच्या, गणिताच्या, त्या संध्याकाळी वळायला बसलेल्या बायांच्या मधेच सतरंजी टाकून पोरांना घेऊन बसायच्या. पाढा चुकला तर बाया हसायच्या, मग आपोआप पाठ व्हायचा. त्या बाई आता कुठं आहेत ते तिला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी नावही विचारलं नाही. त्यांनी मनातल्या मनात त्या बाईंना हात जोडले. निपाणीला ते बदलीवर कधी गेले नव्हते. स्टँडवर गाडी बदलायला उतरले असतील तेवढेच. आणि तिथल्या एका गल्लीत, शिंका येणाऱ्या हवेत, कुणी एक बाई सतरंजी झटकत होती, तिच्या त्या संध्याकाळी आज येऊन त्यांच्या हातातल्या सुईपर्यंत पोचल्या होत्या. कुणाचं ऋण कुठून चालत येतं, माणसाला पत्ता लागत नाही. आपण शिकवलेलं असंच कुणाच्या तरी खाटेपाशी जाऊन उभं राहिलं असेल का, हा विचार त्यांना सुखाचा वाटला, आणि थोडा भीतीचाही. अर्ध्या शिकवलेल्या गोष्टीही तशाच चालत गेल्या असतील.

दुपार लांबली. मास्तर डोळे मिटून पडले आणि त्या बर्फाच्या डब्याबरोबर प्रवास करत राहिले. गाडी कागलला आली असेल. नाक्यावर कुणी पाव खात असेल, डबा चालकाच्या पायापाशी. मग निपाणी, स्टँडवरचा कलकलाट, दोन्ही राज्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या, पाट्या निरनिराळ्या लिपीत, आणि माणसं तीच. संकेश्वरच्या उसाच्या शेतांवरून येणारा गोडसर वास. यमकनमर्डीचा चढ. या रस्त्यावरून ते किती वेळा गेले होते, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे घेऊन, मुलांना सहलीला घेऊन, आजारी बापाला मिरजेला नेताना. तेव्हा कधी वाटलं नव्हतं की या रस्त्याचे उपकार मानावेत. आता त्या चालकाला, ज्याचं तोंडही ते कधी बघणार नव्हते, त्यांनी मनोमन सांगितलं, सावकाश ये रे बाबा, वळणावर जपून. मधे भीती यायची. उजव्या डोळ्याच्या मागं एक बोथट कळ होती, ती सरकतेय का, हे ते तपासत राहायचे. बुरशी म्हणजे कसली, भाकरीवर येते तसली, मऊ, मखमली, ती आपल्या हाडाच्या आत घर करून बसलीय आणि आपण इथं पडून रस्ते मोजतोय. पण ती कळ होती तिथंच होती. आणि खुर्चीवर ताराबाईंनी चष्मा परत लावला होता.

उजेड असतानाच डबा आला. सौम्यानं नळी आणली, अक्षरा येऊन उभी राहिली. मिठाच्या पाण्याची बाटली सौम्यानं स्वतः खाली काढून दूर ठेवली. मग साखरेच्या पाण्यानं नळी धुऊन निघाली, आणि मग ते पिवळं एकसारखं औषध थेंब थेंब उतरू लागलं. ताराबाई उभ्याच होत्या. हात पदराखाली नव्हते, पण तोटीपासून लांब होते. नळीवरून त्यांची नजर वरपासून मनगटापर्यंत उतरायची आणि पुन्हा वर जायची, ताण्यावर तुटलेलं सूत शोधावं तशी. तुटलं नाही. बाटली रिकामी होईपर्यंत त्या बसल्या नाहीत. मास्तरांनी बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "तुमी गप पडा. लक्ष देऊ दे."

शनिवार, रविवार तसेच गेले. रोज मिठाचं पाणी, रोज साखरेचं, रोज पिवळं. पापणी थोडी वर आली असं सौम्याला वाटायचं. मास्तर तिच्या म्हणण्यावर फारसा विश्वास ठेवत नव्हते, ती जीव लावणारी मुलगी होती. कळ मात्र बोथटाहून बोथट झाली होती.

सोमवारी डोळ्यांचे डॉक्टर आले. तरुण, कमी बोलणारे. त्यांनी दिवा टाकून पाहिलं, बाहुली पाहिली, बोट फिरवून डोळा कुठवर वळतो ते पाहिलं, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग डाव्या डोळ्यावर जाड झाकण ठेवलं आणि म्हणाले, आता फक्त आजारी डोळ्यानं बघायचं. त्यांनी हात वर केला. "किती बोटं?"

मास्तरांना काही सांगता येईना. डॉक्टर खिडकीच्या बाजूला उभे होते, उजेड त्यांच्या मागून येत होता, त्यात तो हात म्हणजे एक काळा आकार, दोन बोटं असतील किंवा तीन. फळ्यासमोर उभं केलेल्या मुलाचं कसं होतं हे त्यांना माहीत होतं, पण इतक्या वर्षांनी अंगावर आलं तेव्हा कळलं की ते त्यांनी बाहेरूनच ओळखलं होतं. नजर उत्तर शोधत भरकटली, डॉक्टरांच्या खांद्यावरून पलीकडं गेली, आणि तिथं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटाला टेकून ताराबाई उभ्या होत्या. तोंड दुसरीकडं वळवलेलं, जसं काही त्यांचा या सगळ्याशी संबंधच नाही. आणि पदराआडून, हनुवटीच्या खाली, त्यांचा हात बाहेर आला होता.

मास्तरांनी त्या हाताची बोटं मोजली. मग म्हणाले, "दोन. पण डॉक्टर, या उत्तराचे मार्क धरू नका."

"का?"

"आमच्या बाई मागून उत्तर दाखवायला लागल्यात. त्यांना आधी बाहेर पाठवा."

डॉक्टर वळले. ताराबाईंचा हात पदरात गेला होता. डॉक्टरांनी कपाटाकडं पाहिलं, मग खाटेकडं, मग मधल्या सगळ्या फरशीकडं. मास्तरांच्या डाव्या डोळ्यावरचं झाकण जागेवर आहे का, ते त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. होतं.

"तिथून दिसली तुम्हाला बोटं?" त्यांनी सावकाश विचारलं.

"दिसली तर. मधलं बोट टोकाशी वाकडं आहे बघा. मागाच्या धोट्यानं चेपलं होतं."

डॉक्टरांनी हातातला दिवा खिशात ठेवला. कपाटापाशी ताराबाईंनी तो हात बाहेर काढला आणि आपल्याच बोटाकडं, पहिल्यांदाच बघावं तसं, बघत राहिल्या.